बोटभर कमी

"पूस नीट. त्या फडक्यावर कालचं लोणी दिसतंय," रोमेड म्हणाला.

"लोणी न्हवं ते. तुझ्या डोळ्यांवर साय आलीया, ती दिसतीया तुला," कसियान म्हणाला आणि त्यानं पांढरं फडकं झटकलं.

शनिवारची संध्याकाळ होती. चर्चची घंटा नुकतीच होऊन गेली होती आणि कसियानच्या अंगणात तिघांची गाडी धुऊन पुसून उभी होती. आमच्या ओबरलेन गावात तिला दुसरं नावच नाही. तिघांची. बुटकी, रुंद, चारी चाकांना जोर असलेली, मागं गवत भरायचा मोठा हौदा. जिथं ट्रॅक्टर कलंडतो तिथं ही जमीन धरून चालायची. वरच्या घरचा रोमेड, मधल्या घरचा कसियान आणि खालच्या घरचा एगिड, अशा तिघांनी ती मिळून घेतली होती. एक आठवडा ह्याच्याकडं, पुढचा त्याच्याकडं.

घर बदलताना रीत ठरलेली. देणाऱ्यानं गाडी पोटापासून धुवायची, डिझेल काठोकाठ भरायचं, मग घेणाऱ्याच्या समोर तेलाची पट्टी उपसायची, पांढऱ्या फडक्यानं पुसायची, परत बुडवायची, परत काढून दाखवायची. इंजिनचं तेल वरच्या खुणेला लागलेलं दिसलं पाहिजे. मग हातात हात, प्रत्येकी एक घोट दारू, आणि किल्ली. पोरीच्या लग्नात एवढी काळजी घेत नाहीत आमचे लोक.

तुम्ही म्हणाल, तू कोण बाई? मी फिलोमेना. मेनामावशी म्हणतात. तिन्ही घरांच्या वर, माथ्याच्या कुरणाची वाट जिथं वळते, त्या वळणावर माझं घर. मी आणि माझ्या शेळ्या. गाडीत माझा वाटा नाही, कारण माझं सगळं गवत माझ्या पाठीवर मावतं. पण शनिवारी मी चीज घेऊन खाली येते, म्हणून हा तमाशा मला फुकटात बघायला मिळायचा.

कसियाननं पट्टी बुडवली, काढली आणि एगिडच्या नाकासमोर धरली.

"बग. वरच्या खुणेला. आठवडाभर शेणखत ओढलं, एक थेंब प्याली न्हाई. संत हाय संत. आमच्या पाद्र्यापरीस बरी."

एगिड हसला आणि त्यानं मान हलवली. हा एगिड तिघांत धाकटा, गरीब स्वभावाचा, दोन पोरींचा बाप. बोलायचा कमी. गाडी घेतली त्या पहिल्या वर्षी त्याच्या आठवड्यात मडगार्डला पोचा पडला होता. एवढासा, बटाट्याएवढा. पण रोमेडनं तो पोचा आजपर्यंत खाली पडू दिला नव्हता.

त्या दिवशीही रोमेड वाकला, पोच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ज्याच्या हातात फुटलं, त्याचं नाव लागतं बग एगिड. मानूस मरतो, पोचा ऱ्हातो."

"व्हय काका," एगिड म्हणाला.

"आरं, किती वर्सं तोच पोचा चाटशील?" कसियान म्हणाला. "तुझ्या टकलावर त्याच्यापरीस मोठा हाय."

सगळे हसले. रोमेड नाही हसला. त्याला हसायला लावणं म्हणजे दगडाचं दूध काढणं. माणूस कष्टाचा, शब्दाचा पक्का, पण आपली चूक कबूल करायची म्हटलं की त्याचा जबडा आवळायचा. त्याची बायको जाईपर्यंत तिनं त्याच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द ऐकला नव्हता, हे तिनंच मला सांगितलेलं.

आता जे सांगते ते त्या संध्याकाळी कुणालाच सगळं ठाऊक नव्हतं, पण तुम्ही ते ऐकूनच पुढं चला.

तिघांची तेल पीत होती. पीत कसली, गाळत होती. इंजिनच्या मागच्या बाजूला, जिथं ते क्लचला मिळतं, तिथलं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, फाटलं होतं. रात्री गाडी कोठारात उभी राहिली की खाली जमिनीवर तेल टपकायचं. एगिडनं ते बघितलं तेव्हा त्याला वाटलं, वसंतात मेंढरांच्या फाटकापाशी दगडाला गाडीचं पोट घासलं होतं, त्यातच हे झालं. म्हणजे मीच केलं. आता पोच्यावर एवढं, तर ह्याच्यावर किती ऐकावं लागेल. त्यानं गावाबाहेरून तेलाचा डबा आणला, कोंड्याच्या पोत्यांमागं ठेवला आणि शनिवारी गाडी धुवायच्या आधी पट्टी वरच्या खुणेला येईपर्यंत गुपचूप ओतत राहिला. जमिनीवरच्या डागावर त्यानं लाकडाचा भुसा टाकला.

आणि कसियान? तो संत म्हणून नाचवत होता ना, त्यानंही सकाळीच ओतलं होतं. त्याला वाटलं, ओलं शेणखत हौद्यात डोंगरासारखं भरून चढ चढवला, क्लच पायाखाली दाबून धरला, तिथंच काहीतरी गेलं. तोंडानं टिवल्याबावल्या करणारा माणूस, पण नाव जायची भीती त्यालाही तेवढीच. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, असला आमचा गाव.

रोमेडच्या कोठारात काय चालायचं ते देवालाच ठाऊक. त्याच्या कोठाराला कुलूप असायचं. एवढं मात्र मी बघितलं होतं, की त्या उन्हाळ्यात तो लाकूडगिरणीतून भुशाची पोती आणत होता. गोठ्याला लागतो म्हणायचा.

गवताच्या दुसऱ्या कापणीच्या आधी रोमेडची लेक आली. व्हेरेना. खालच्या खोऱ्यात मोठ्या वर्कशॉपात काम करते, इंजिनं उघडते, बंद करते. रोमेडला आधी ते आवडलं नव्हतं, नंतर तो गावभर सांगत सुटला. वर्षातून एकदा ती लॅपटॉप घेऊन यायची आणि तिघांची तपासून द्यायची. माथ्याचं कुरण कापायच्या आधी तर हटकून. कारण त्या वाटेवर भरली गाडी उतरवायची म्हणजे खेळ नाही. वाट इतकी उभी की ब्रेकवर विसंबून चालत नाही. खालचा गियर घालायचा आणि इंजिननंच ओझं मागं ओढून धरायचं. इंजिन आणि चाकं ह्यांची गाठ सुटली, की ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा. माझ्या वळणाच्या पलीकडं ओढ्याची घळ आहे. तिथं एक जुना लाकडी क्रूस आहे, घोड्याच्या गाडीच्या काळातला. रोज शेळ्या सोडताना मी त्याच्यापुढं छातीवर क्रुसाची खूण करते.

व्हेरेनानं स्टिअरिंगखाली वायर जोडली. तिघं तिच्या मागं उभे, डॉक्टरच्या दारात बायका उभ्या राहतात तसे.

"ऑइलचं प्रेशर झ्याक हाय," ती म्हणाली. "तापमान बरोबर. काटा बी आनि कॉम्प्युटर बी एकच सांगतायत. सगळं हिरवं."

"म्या म्हनलो न्हवतो? संत हाय," कसियान म्हणाला.

"थांबा. संताला मला थोडं इचारायचंय." तिनं लॅपटॉप मिटला. "ह्या यंत्राला जिथं सेन्सर, तिथलंच कळतं. डब्यातनं किती तेल ओतलं, ते ह्याला दिसत न्हाई. ते तुमी सांगायचं. कसियानकाका, तुमी किती वाढवता?"

"म्या? एक थेंब न्हाई."

"एगिड?"

एगिडनं टोपी काढली, आत बघितलं आणि परत घातली. "न्हाई. काई न्हाई."

"बाबा?"

"तुला काय आमच्यावर इस्वास न्हाई का?" रोमेड म्हणाला. "पट्टी बग की. वरच्या खुणेला हाय. एवढं शिकून पट्टी वाचता येत न्हाई व्हय?"

"पट्टी मी वाचली बाबा. बरं, चढावर क्लचचा वास येतो का? जळल्यागत? ओझं असलं की इंजिन नुसतंच वरडतं आनि गाडी मागंच ऱ्हाती, असं हुतं का?"

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. प्रत्येकाला वाटलं असणार, दुसऱ्यांकडं तर सगळं ठीक आहे, मग आपणच कशाला फुटायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"न्हाई," रोमेडच आधी म्हणाला. मग बाकीचे दोघे. व्हेरेनानं सामान गोळा केलं. जाताना ती माझ्याकडं बघून म्हणाली, "मावशी, तिघांचं उत्तर एकसारखं आलं की मला बरं वाटत न्हाई." मी म्हटलं, अगं, तिघांचं डोकंही एकसारखंच आहे. आम्ही दोघी हसलो.

ऑगस्ट संपायला आला. कापलेलं गवत माथ्यावर पसरलेलं होतं, आणि दक्षिणेकडून डोंगर ओलांडून तो गरम कोरडा वारा सुटला. हा वारा सुटला की माणसांची डोकी दुखतात, गायी दूध चोरतात, आणि समोरचे डोंगर एवढे जवळ दिसतात की हात लावावा. वारा पडला की पाऊस. हे आमच्याकडं पोरासोरांनाही माहीत. म्हणजे गवत आजच खाली यायला हवं, नाहीतर कुजलं. आणि एगिडच्या गायींचा हिवाळा त्याच गवतावर होता.

आठवडा एगिडचा होता. सकाळपासून त्याच्या खेपा चालल्या होत्या. बुर्गी, त्याची बायको, दोन्ही पोरींना घेऊन वर दाताळ्यानं गवत ओढत होती. दुपारी चढताना एगिड माझ्या दारात थांबला. मी त्याला ताक दिलं. गाडी बंद केली तरी तिला एक वास येत होता, करपल्यासारखा.

"काय जळतंय रे?" मी विचारलं.

"काई न्हाई मावशी. ऊन हाय." त्यानं तोंड पुसलं. थोडा वेळ गाडीकडं बघत उभा राहिला. मग म्हणाला, "शनवारी मी व्हेरेनाकडं जानार हाय. येकटाच. तिला सांगनार हाय एक गोष्ट."

"आत्ताच जा की."

"गवत पडलंय मावशी. आनि आठवडा माजा हाय. आठवड्याच्या मधी गाडी बंद पडली म्हंजे..." मडगार्डच्या पोच्यावर त्याचा हात होता.

तो वर गेला. वारा मध्येच थांबला, पानही हलेना. पश्चिमेला काळं झालं. वर बुर्गी त्याला म्हणाली होती, अर्धाच हौदा भर, उरलेलं जाऊ दे. तो म्हणाला, ही शेवटची खेप, पोरींना घेऊन तू पायवाटेनं उतर, पावसाच्या आत घरी भेटू. पोरी गाडीवर बसायला रडत होत्या. नेहमी गवतावर बसून यायच्या. त्यानं त्या दिवशी त्यांना बसू दिलं नाही. का, ते त्यालाच ठाऊक. बुर्गी आजही तेवढ्यावरच जगते आहे.

त्या वाटेनं भरली गाडी उतरताना कशी वाजते ते माझ्या कानांना पाठ आहे. इंजिन दात धरून गुरगुरतं, ओझं मागं ओढत. त्या दिवशी ती गुरगुर मला ऐकू आली, आणि मध्येच ती खाली बसली. इंजिन नुसतं हळू फिरत राहिलं, काही संबंध नसल्यासारखं, आणि ब्रेकचा चिरका आवाज सुरू झाला. मी दारात आले. गाडी वरच्या लांब पट्ट्यावर होती, हौद्यातलं गवत डावीउजवीकडं हलत होतं. एगिड स्टिअरिंग धरून उभाच होता जवळजवळ, सगळा भार ब्रेकवर देऊन. मग तो चिरका आवाजही थांबला. धुराचा वास माझ्यापर्यंत आला.

"बाजूला व्हा मावशी," तो ओरडला. एवढंच. मला दिसलं त्याचं तोंड. घाबरलेलं नव्हतं, लाजलेलं होतं. हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण मी बघितलंय.

वळण गाडीला घेता आलं नाही. ती क्रुसाच्या बाजूनं घळीत गेली. मग गवत खाली येत राहिलं, हळूहळू, सगळ्या घळीवर. आणि पाऊस आला.

त्याला घरी आणून मधल्या खोलीत ठेवलं. आमच्याकडं माती होईपर्यंत रोज संध्याकाळी मेलेल्याच्या घरी जपमाळ म्हणतात. सगळा गाव येतो, गुडघे टेकतो, मग स्वयंपाकघरात सूप पितो आणि बोलतो. बोलायला तोंडं कमी नव्हती. पहिल्याच संध्याकाळी मी ऐकलं, "पावसाच्या भ्यानं गियर काढला आसंल आनि सैल सोडली आसंल. तरनी पोरं, घाई नडती." कुणी म्हणालं, "आसलं करायचं म्हंजे पोरींचा इचार तरी करावा मानसानं." बुर्गी चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. सूप वाढत होती त्याच माणसांना. मला मात्र तिच्या हातातला तो डाव एकेकाच्या टाळक्यात घालावासा वाटत होता.

दुसऱ्या संध्याकाळी प्रार्थना संपत होती तेव्हा व्हेरेना आली. कामाच्या कपड्यांतच, नखांत काळं. गाडी घळीतून ओढून तिच्याच वर्कशॉपात नेली होती, आणि तिनं ती उघडली होती. ती मृताच्या पायाशी गेली, पवित्र पाणी शिंपडलं, छातीवर क्रुसाची खूण केली आणि मग सगळ्यांकडं वळली.

"गियर काढला न्हवता," ती म्हणाली. "गाडी सगळ्यात खालच्या गियरमध्ये हाय. अजून हाय. कुनाला बघायचं आसंल त्यानं यावं."

स्वयंपाकघरातले चमचे थांबले.

"क्लच समदा तेलात भिजलेला हाय. इंजिनच्या मागचं सील फाटलंय. हे काय एका दिसाचं न्हाई, किती महिने चाललंय. तेलकट क्लच धरत न्हाई. इंजिन हिकडं, चाकं तिकडं. त्यानं काय करायचं हुतं?" तिचा आवाज फुटला. तिनं तो सावरला. "मला एकच इचारायचंय. एवढं तेल ग्येलं, तरी पट्टी वरच्या खुणेला कशी? काटा बरोबर, कॉम्प्युटर बरोबर. कुनी ओतलं?"

बुर्गी बाहेर गेली. परत आली ती हातात डबा घेऊन. तो तिनं जेवणाच्या टेबलावर ठेवला, ब्रेडच्या शेजारी.

"ह्यांनी ओतलं," ती म्हणाली. "मला म्हनाले, कुनाला बोलू नको, दगडाला लागून माज्याच हातनं झालंय. रोमेडकाका पोचा इसरत न्हाईत, हे कसं इसरतील."

कसियान भिंतीला टेकून उभा होता. तो सरकत सरकत खाली बसला.

"म्या बी," शेवटी तो म्हणाला. "म्या बी ओतत व्हतो, बुर्गी. मला वाटलं शेणखतानं म्याच मोडली. मला वाटलं, ह्यांच्याकडं तर ती संत हाय, माज्याकडंच कशी गळतीया." तो पोरासारखा रडायला लागला.

व्हेरेनानं बापाकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

रोमेड खिडकीपाशी होता. टोपी हातात, ताठ.

"बाबा?"

"माज्या आठवड्यात एक थेंब ग्येला न्हाई."

"बाबा, एगिड हितं झोपलाय. त्याच्या म्होरं सांगा."

"सांगतोय की. न्हाई म्हंजे न्हाई. ह्या दोघांनी लपवलं, त्याला मी काय करू? मला कुनी सांगितलं आसतं तर ही येळ आली आसती का?"

त्यानं टोपी घातली आणि तो निघून गेला. व्हेरेना त्या रात्री बापाच्या घरी झोपली नाही. माझ्याकडं आली. त्यानंतर ती त्याचा उंबरा चढली नाही.

आणि गावाचं तोंड? ते थोडंसं वळलं, बंद झालं नाही. आता म्हणू लागले, गियर नव्हता काढला, पण चोरून तेल घातलंच ना. दोघांनी लपवलं, रोमेड सरळ माणूस, तो फसला. कसियान दारूच्या टेबलावर रडून रडून सांगायचा, तर लोक त्याला अजून एक पेला द्यायचे. बुर्गीची थोरली पोर, थेकला, शाळेतून घरी आली ती विचारत, "आई, बाबा खोटारडे व्हते का?" बुर्गीनं मला हे सांगितलं तेव्हा ती लोकर विंचरत होती. म्हणाली, "मावशी, त्यो मानूस परत दे, आसं मी मागत न्हाई. द्येव देनार न्हाईच. पन ह्या पोरींना त्यांच्या बापाचं नाव तरी धुऊन मिळावं. आनि ते एकच मानूस धुऊ शकतो."

"तो दगड आहे," मी म्हटलं.

"दगडाला बी थंडीनं चीर जाती," ती म्हणाली.

हिवाळा लांबला. बर्फ वितळलं तेव्हा तिन्ही घरांत मिळून दुसरी गाडी आली, जुनीच, पण व्हेरेनानं पारखून दिलेली. रोमेडनं बुर्गीला निरोप धाडला होता, की बाईमाणसानं ह्यात कशाला पडायचं, तिच्या गवताचं आम्ही दोघे बघू. बुर्गीनं उलट निरोप धाडला, की आठवडा माझा आहे, आणि पहिला आठवडा मीच घेणार. शेणखत तिनं स्वतः ओढलं. पहिल्या दिवशी मी दारातून बघत होते. माझ्या वळणावर ती थांबली, क्रुसाकडं बघितलं, खालचा गियर घातला आणि उतरली.

शनिवारी घंटा झाली. बुर्गीच्या अंगणात गाडी धुऊन उभी होती. घेणार रोमेड. कसियान आला होता, व्हेरेनाही आली होती, बापापासून लांब, कुंपणाजवळ उभी. पोरी पायरीवर. मी चीज घेऊन.

बुर्गीनं पट्टी काढली. पांढऱ्या फडक्यानं पुसली. बुडवली, काढली आणि रोमेडच्या समोर आडवी धरली.

तेल वरच्या खुणेला नव्हतं. चांगलं बोटभर खाली होतं.

कसियाननं श्वास आत ओढला. ओबरलेनात असं कधी झालं नव्हतं. लग्नात नवरी फाटक्या कपड्यानं आली असती तरी लोक एवढे गप्प झाले नसते.

"बोटभर कमी हाय," बुर्गी म्हणाली. "माज्या आठवड्यात ग्येलं. मी भरलं न्हाई."

रोमेडचा जबडा आवळला. "भरून द्यायची रीत हाय."

"ठावं हाय. त्याच रीतीनं माजं घर बसलं." तिनं पट्टी खाली केली नाही. "आता बोला काय बोलायचं ते. ज्याच्या हातात फुटलं त्याचं नाव. घ्या माजं नाव. पोरींच्या म्होरं घ्या."

तो पट्टीकडं बघत राहिला. पट्टीच्या टोकाला तेलाचा थेंब जमला आणि खाली दगडावर पडला. त्यानं तो बघितला. मला वाटलं, आता हा वळणार आणि जाणार, गेल्या वेळी गेला तसा. त्याचा हात टोपीकडं गेला. पण टोपी घालायला नाही. डोक्यावरची टोपी त्यानं काढली.

"माज्याकडं बी," तो म्हणाला. कुणाला नीट ऐकू गेलं नाही.

"मोठ्यानं बोला," बुर्गी म्हणाली. "पोरी लांब हाईत."

रोमेड पायरीकडं वळला. मी त्या माणसाला आयुष्यभर ओळखते, तो तेवढ्या अंतरात म्हातारा झाला.

"माज्याकडं बी गळत व्हतं, थेकला. तुज्या बाच्या आधी. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात, बर्फातनं लाकडाची वंडकं वढली तवा. म्याच मोडली म्हनून म्या कुलूप लावलं आनि वतत ऱ्हायलो. पयला मी व्हतो." त्यानं टोपी दोन्ही हातांनी पिळली. "तुजा बा माज्या तोंडाला भिऊन गप बसला. त्यो खोटारडा न्हवता. खोटारडा मी."

थेकलानं आईकडं बघितलं. धाकटीला काही कळलं नाही, ती माझ्या चीजकडं बघत होती. कसियान पाठ फिरवून उभा राहिला.

व्हेरेना कुंपणापासून आली. बापाशी बोलली नाही. खाली बसली, बॅटरी लावून गाडीच्या पोटाखाली बघितलं, हात फिरवला, बोटं हुंगली.

"क्लच कोरडा हाय," ती बुर्गीला म्हणाली. "जुनं इंजिन हाय, थोडं खानारच. चालंल. फकस्त दर शनवारी किती ग्येलं ते सांगायचं."

"सांगू," बुर्गी म्हणाली.

रोमेड काही न बोलता चालू पडला. मला वाटलं गेला. पण तो आपल्या कोठाराकडं गेला, कुलूप उघडल्याचा आवाज आला, आणि तो तेलाचा डबा घेऊन परत आला, सगळ्या गावाच्या वाटेवरून, उघड्या हातात. निम्म्या खिडक्यांतून लोक बघत होते. त्यानं तेल ओतलं, बुर्गीनं पट्टी धरली, आणि ती 'बास' म्हणेपर्यंत तो ओतत राहिला.

दारू कुणी घेतली नाही. बुर्गीनं त्याला किल्ली दिली आणि ती पोरींना घेऊन धारा काढायला गेली.